चूक एका ओळीत, तक्रार दुसऱ्या ओळीत

प्रोग्रॅमरने लिहिलेला मजकूर यंत्राला कळणाऱ्या आज्ञांमध्ये उतरवणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. तो आपले काम मुकाट्याने करत असतो तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. त्याची खरी ओळख होते ती तो अडतो तेव्हा. अडला की तो ओळीचा क्रमांक देतो आणि एक वाक्य छापतो. नवशिका विद्यार्थी त्या ओळीवर जातो, ती पुन्हा पुन्हा वाचतो, आणि तिच्यात त्याला काहीच चुकलेले सापडत नाही. सापडणारही नसते, कारण चूक तिच्या वरच्या ओळीत असते: तिथला शेवटचा सेमिकोलन राहिलेला असतो.

याचे कारण कंपायलरच्या वाचण्याच्या पद्धतीत आहे. तो मजकूर डावीकडून उजवीकडे एकेक शब्द घेत वाचतो आणि आतापर्यंत वाचलेल्या भागाला हा नवा शब्द व्याकरणानुसार जोडता येतो का, एवढेच तपासतो. सी भाषेत ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही. सेमिकोलन नसलेले वाक्य पुढच्या ओळीवर चालू राहणार असेल असे समजून कंपायलर पुढे जातो, आणि त्या पुढच्या ओळीचा पहिला शब्द जुळेना की मग थांबतो. त्यामुळे संदेशातला क्रमांक चूक कुठे झाली ते सांगत नाही. वाचन कुठे खुंटले ते सांगतो. या दोन जागा कधी एकच असतात, कधी एका ओळीच्या अंतरावर, कधी शेकडो ओळींच्या. सात दशकांत कंपायलर लिहिणाऱ्यांनी आणि वापरणाऱ्यांनी त्रुटींवर जी मेहनत घेतली, तिचा बराचसा भाग हे अंतर कमी करण्यात किंवा ते ओळखून चूक शोधण्यात गेला आहे.

कंपायलर नव्हते तेव्हा हा प्रश्नच नव्हता, पण परिस्थिती अधिक कठीण होती. केंब्रिजचा एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये चालू झाला. त्याच्यावर चुकीची आज्ञा दिली तर ती यंत्र जशीच्या तशी पाळत असे. हरकत घेणारे मध्ये कोणी नव्हते. उत्तर चुकीचे आले किंवा यंत्र फिरतच राहिले, की काहीतरी बिघडले आहे एवढे कळायचे. स्टॅन्ली गिल यांनी १९५१ मध्ये एडसॅकवरील प्रोग्रॅममधल्या चुकांच्या निदानावर लेख लिहिला. थांबलेल्या यंत्राच्या स्मृतीतला मजकूर छापून काढणाऱ्या तिथल्या उपप्रोग्रॅमना ‘पोस्टमॉर्टेम’ म्हणत. प्रोग्रॅम चालण्याआधीच चूक पकडायची, ही कल्पना अजून यायची होती. ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅकसाठी केलेली ए-० ही प्रणाली आणि मँचेस्टरमध्ये अलिक ग्लेनी यांनी केलेला ऑटोकोड ही दोन्ही कामे १९५२ च्या आसपासची. पण वाक्यरचना तपासून चूक सांगणारा, व्यापक वापरात आलेला पहिला मोठा कंपायलर म्हणजे आयबीएमचा फोरट्रान.

जॉन बॅकस यांच्या गटाने आयबीएम ७०४ साठी फोरट्रान तयार केला, तेव्हा त्यांच्यापुढे चिंता होती ती वेगाची. हाताने लिहिलेल्या आज्ञांइतकाच वेगवान प्रोग्रॅम कंपायलर तयार करू शकतो हे सिद्ध झाले नसते, तर तो कोणी वापरलाच नसता. सुमारे १८ मनुष्यवर्षांची मेहनत मुख्यतः त्यात गेली. चुका सांगणे ही दुय्यम गोष्ट होती: बहुतेक वेळा यंत्र थांबे, आणि त्या थांब्याचा अर्थ पुस्तिकेतल्या तक्त्यात पाहावा लागे. तरीही हा कंपायलर गिऱ्हाइकाच्या हाती पडला तो त्रुटी-संदेशानेच. एप्रिल १९५७ मध्ये पिट्सबर्गजवळच्या वेस्टिंगहाउस-बेटिस प्रयोगशाळेत सुमारे २००० कार्डांचा एक गठ्ठा टपालाने आला. सोबत कसलीही सूचना नव्हती. हर्बर्ट ब्राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो फोरट्रानचा कंपायलर असावा असे ताडले, एक चाचणीचा प्रोग्रॅम त्याच्यापुढे ठेवला आणि यंत्र चालू केले. छापून आले ते एक वाक्य: ‘गो टू’ प्रकारच्या विधानात उजव्या कंसानंतर स्वल्पविराम नाही. ते कार्ड पुन्हा पंच केल्यावर प्रोग्रॅम चालला. तो संदेश आजच्या निकषांवरही चांगला म्हणावा लागतो. विधान कोणत्या प्रकारचे, त्यात कोणते चिन्ह हवे आणि ते कशानंतर, हे तिन्ही त्यात आहे. पुढे कित्येक वर्षे अनेक कंपायलर याहून फार कमी सांगत राहिले.

फोरट्रानची दुसरी बाजू अधिक घातक होती. या भाषेत रिकाम्या जागेला अर्थ नव्हता आणि व्हेरिएबल आधी जाहीर करण्याची सक्तीही नव्हती. ‘डू ५ के = १, ३’ या विधानाने के ची किंमत एकपासून तीनपर्यंत नेत पाचव्या लेबलापर्यंतचा भाग तीनदा चालवायचा असतो. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडले तर तेच विधान ‘डू५के’ नावाच्या नव्या व्हेरिएबलमध्ये १.३ ही किंमत ठेवते, आणि कंपायलरला त्यात काहीही वावगे दिसत नाही. अशीच एक चूक अमेरिकेच्या मर्क्युरी अंतराळ मोहिमेच्या कक्षा-गणनेच्या प्रोग्रॅममध्ये होती आणि ती वेळीच सापडली. मरिनर-१ हे यान याच टिंबामुळे गमावले, असे पुष्कळ पुस्तकांत छापले गेले आहे. ते खरे नाही. या उदाहरणाचे खरे महत्त्व भाषा घडवणाऱ्यांना पटले. कंपायलरने चूक पकडावी असे वाटत असेल, तर भाषेत थोडी पुनरुक्ती हवी: नाव एकदा जाहीर करायचे आणि मग वापरायचे. ‘जाहीर न केलेले नाव’ ही आज सर्वांत परिचित त्रुटी आहे, आणि ती येते म्हणूनच असले टिंब सुटून जात नाही.

साठच्या दशकात प्रोग्रॅम कार्डांवर पंच होत. फोरट्रानच्या कार्डावर ८० स्तंभ असत: पहिल्या पाचांत लेबल, सहाव्यात काही खूण असेल तर ते कार्ड आधीच्या विधानाचाच पुढचा भाग, सातव्यापासून बहात्तराव्यापर्यंत विधान, आणि उरलेल्या आठांत कार्डाचा अनुक्रमांक. विधान एक स्तंभ अलीकडे सुरू झाले तर पहिले अक्षर सहाव्या स्तंभात जाई आणि नवे विधान आधीच्या विधानाला चिकटे. तक्रार भलत्याच कार्डाविषयी येई. विधान बहात्तराच्या पुढे गेले तर शेवटची अक्षरे न बोलता गळून जात. त्या काळातल्या अनुभवी माणसाची पहिली तपासणी मजकुराची नसे, स्तंभांची असे.

त्याहून मोठी अडचण होती वेळेची. गठ्ठा खिडकीवर द्यायचा, तो रांगेत लागायचा, आणि छापील कागद काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी मिळायचा. भारतात हीच रीत होती. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० आला, तर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हे त्या काळच्या मानाने अवाढव्य यंत्र बसले आणि देशभरातल्या संस्थांची गणिते त्याच्यावर होऊ लागली. एका स्वल्पविरामापायी पूर्ण दिवस जात असेल, तर कंपायलरने पहिल्या चुकीवर थांबणे परवडणारे नव्हते. एका खेपेत जेवढ्या सापडतील तेवढ्या सगळ्या चुका त्याने सांगायला हव्यात, ही अपेक्षा या रांगेतून जन्मली.

आणि तिच्याबरोबर एक नवा त्रास आला. पहिल्या चुकीनंतर कंपायलरला पुढे वाचायचे असेल, तर मध्ये काय राहिले असावे याचा अंदाज बांधून वाचावे लागते. अंदाज चुकला की बरोबर असलेली वाक्येही त्याला चूक वाटू लागतात. नाव जाहीर करणारे एक विधान चुकले की ते नाव जिथे जिथे वापरले आहे तिथे तिथे तक्रार येते. एका राहिलेल्या कंसामागे पानभर संदेश छापले जातात. मिशिगन विद्यापीठाच्या मॅड या कंपायलरने तर ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त चुका झाल्या की ‘मॅड’ मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या आल्फ्रेड न्यूमनचे पानभर चित्र छापण्याची सोय ठेवली होती; ती पुढे काढून टाकण्यात आली. संदेशांच्या या लोंढ्यातून प्रोग्रॅमरांनी जो नियम बसवला तो आजही पहिल्या तासाला शिकवण्यासारखा आहे: यादीतली पहिली त्रुटी दुरुस्त करायची आणि पुन्हा कंपाइल करायचे. पहिली त्रुटी बहुधा खरी असते. खालच्यांपैकी बऱ्याच तिच्या पोटातून निघालेल्या असतात.

विद्यापीठांना हा त्रास सर्वाधिक जाणवत होता, कारण त्यांच्याकडे शेकडो नवशिके एकाच यंत्रावर येत. म्हणून त्रुटी सांगण्यातली सर्वांत कल्पक कामे याच काळात आणि विद्यापीठांतच झाली. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात १९६५ च्या उन्हाळ्यात चार पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी आयबीएम ७०४० साठी वॉटफॉर हा कंपायलर लिहिला. तयार होणारा प्रोग्रॅम किती वेगाने चालतो, यापेक्षा तो किती लवकर कंपाइल होतो आणि चुका किती स्पष्ट सांगतो, याला त्यांनी महत्त्व दिले. आयबीएम ३६० साठी केलेली पुढची आवृत्ती किंमत न देताच वापरलेले व्हेरिएबलही प्रोग्रॅम चालताना पकडत असे. ही चूक नेहमीचा फोरट्रान कंपायलर सांगत नसे आणि ती शोधायला तासन् तास लागत. विस्कॉन्सिनमध्ये मोल्टन आणि मुलर यांनी डायट्रान केला, त्याचेही मुख्य उद्दिष्ट निदान हेच होते. १९६७ मध्ये त्यांनी त्याच्यावर लेख प्रसिद्ध केला.

कॉर्नेल विद्यापीठाने याहून धाडसी वाट धरली. रिचर्ड कॉनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम कॉर्क आणि नंतर पीएल/सी हा पीएल/वन या भाषेचा कंपायलर केला. त्यांची भूमिका अशी, की कंपायलरने कुठल्याच प्रोग्रॅमला नकार देऊ नये. राहिलेला कंस त्याने स्वतः घालावा, चुकलेले स्पेलिंग सुधारावे, काय बदलले ते छापावे आणि प्रोग्रॅम चालवावा. स्पेलिंगच्या दुरुस्तीला आधार होता. फ्रेडरिक डॅमेरो यांनी १९६४ मध्ये दाखवले होते की स्पेलिंगच्या सुमारे ८० टक्के चुका चारच प्रकारच्या असतात: एक अक्षर जास्त, एक अक्षर कमी, एक अक्षर बदललेले किंवा शेजारची दोन अक्षरे उलटी. जाहीर केलेल्या नावांच्या यादीत इतक्याच फरकाचे एखादे नाव सापडले, तर तेच अभिप्रेत होते असे मानायला हरकत नाही. कॉर्नेलची ही दुरुस्ती कधी बरोबर येई, कधी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला नको असलेलाच प्रोग्रॅम तयार होई. पण दिवसाची खेप पूर्ण वाया जात नसे. आजचे कंपायलर ‘तुम्हाला हे नाव म्हणायचे होते का’ असे विचारतात, ते याच कल्पनेचे रूप. फरक एवढाच की आता दुरुस्ती सुचवली जाते, परस्पर केली जात नाही. आणि रांग संपल्यावर तेच योग्य आहे.

व्यापारी कंपायलरांची रीत वेगळी होती. आयबीएम ३६० वर प्रत्येक संदेशाला संकेत आणि तीव्रतेची पायरी असे: ४ म्हणजे इशारा, ८ म्हणजे चूक, १२ म्हणजे गंभीर चूक. संकेताचा अर्थ जाडजूड पुस्तिकेत शोधायचा. स्मृती इतकी थोडी होती की संदेशाची पूर्ण वाक्ये कंपायलरमध्ये ठेवणे महाग पडे. झुरिकच्या निक्लाउस विर्ट यांच्या पास्कल भाषेचे कंपायलरही हेच करत: चुकलेल्या जागेखाली बाण आणि एक क्रमांक. १४ म्हणजे सेमिकोलन अपेक्षित, १०४ म्हणजे नाव जाहीर केलेले नाही. ही यादी १९७४ च्या पास्कल मार्गदर्शिकेच्या परिशिष्टात होती आणि पास्कल शिकणाऱ्यांना त्यातले पाच-दहा क्रमांक पाठच होत असत.

पाच-दहा क्रमांक पुरत, ही जाणीव पुढे मोजणीनेही पक्की झाली. लिटेकी आणि डेव्हिस यांनी १९७६ मध्ये कोबोल शिकणाऱ्या ७३ विद्यार्थ्यांच्या १४०० खेपा तपासल्या. त्यांत १३२ प्रकारच्या १७७७ चुका मिळाल्या, आणि त्यांतल्या २० टक्के प्रकारांतच ८० टक्के चुका येत होत्या. त्याच लेखातला दुसरा निष्कर्ष अधिक बोचरा आहे: कंपायलरने केलेली ८० टक्क्यांहून अधिक निदाने अचूक नव्हती. काहीतरी चुकले आहे हे तो ओळखत होता. काय चुकले ते तो बहुतेक वेळा भलतेच सांगत होता.

हे निदान सुधारायचे तर चूक सापडल्यानंतर पुढे कसे वाचायचे, याची पद्धत हवी होती. अल्गोल ६० या भाषेचे व्याकरण बॅकस आणि नाउर यांच्या चिन्हपद्धतीत लिहिले गेल्यापासून वाक्यरचना तपासणे हा गणिताचा विषय झाला. एडगर आयर्न्स यांनी १९६३ मध्येच चुका सुधारत वाचणारी रीत मांडली, आणि डोनाल्ड क्नुथ यांनी १९६५ मध्ये एलआर ही वाचनपद्धती दिली. तिचा एक गुण चूक शोधण्याच्या दृष्टीने मोलाचा आहे: मजकुराचा वाचलेला भाग कोणत्याही शुद्ध प्रोग्रॅमची सुरुवात असू शकत नाही, असे ज्या शब्दावर ठरते, त्या शब्दाच्या पुढे ती जात नाही. व्यवहारात मात्र सर्वाधिक चालली ती साधी युक्ती, जिला ‘पॅनिक मोड’ म्हणतात. चूक आली की सेमिकोलन किंवा ‘एंड’ यांसारखा भरवशाचा शब्द येईपर्यंत मधले सगळे सोडून द्यायचे आणि तिथून नव्याने वाचायला लागायचे. मधल्या भागातल्या इतर चुका या खेपेला सुटतात, पण खोट्या तक्रारी थांबतात. जाहीर न केलेल्या नावावरही असाच उपाय निघाला: एकदा तक्रार करायची, मग ते नाव तात्पुरते यादीत घालून टाकायचे. जीसीसी कंपायलर बरीच वर्षे या तक्रारीसोबत छापत असे की असे प्रत्येक नाव एका फंक्शनमध्ये एकदाच कळवले जाईल.

भाषेची रचनाच चुका वाढवते किंवा कमी करते, हेही सत्तरच्या दशकात तपासले गेले. पास्कलमध्ये सेमिकोलन दोन विधानांच्या मध्ये येतो, पीएल/वन आणि सी मध्ये विधानाच्या शेवटी. गॅनन आणि हॉर्निंग यांनी १९७५ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात मध्ये येणाऱ्या सेमिकोलनच्या चुका शेवटी येणाऱ्यापेक्षा पुष्कळच जास्त निघाल्या. नंतरच्या बहुतेक भाषांनी शेवटचा सेमिकोलन स्वीकारला किंवा तो काढूनच टाकला.

बेल लॅब्जमधून आलेल्या युनिक्सची परंपरा मितभाषी होती. स्टीफन जॉन्सन यांच्या याक या साधनाने वाक्यरचना वाचणारे प्रोग्रॅम आपोआप तयार होऊ लागले. ते वापरणाऱ्याने वेगळी मेहनत घेतली नाही तर प्रत्येक चुकीला एकच उत्तर मिळे, ‘सिंटॅक्स एरर’. या दोन शब्दांनी एका पिढीचा फार वेळ घेतला. सी भाषा स्वतःही प्रोग्रॅमरवर विश्वास टाकणारी होती. फंक्शन न जाहीर करता वापरले तर ते पूर्णांक परत देते असे ती गृहीत धरे, आणि किती व कोणत्या प्रकारच्या किमती दिल्या ते पाहतच नसे. ते पाहण्यासाठी जॉन्सन यांनीच लिंट हा वेगळा प्रोग्रॅम लिहिला. १९८९ च्या प्रमाणित सी ने फंक्शनचे पूर्ण मथळे आणले, १९९९ च्या आवृत्तीने न जाहीर केलेली फंक्शने भाषेतून काढली, पण कंपायलर जुन्या प्रोग्रॅमांच्या भीतीने केवळ इशारा देत राहिले. जीसीसीच्या २०२४ मधल्या चौदाव्या आवृत्तीत तो इशारा अखेर त्रुटी झाला. एका जुन्या सवलतीला निघून जायला पंचवीस वर्षे लागली.

सी मुळे आणखी एक घोटाळा नेहमीचा झाला. प्रोग्रॅमच्या फायली वेगवेगळ्या कंपाइल होतात आणि मग लिंकर त्या जोडतो. वर्गमुळाच्या फंक्शनचा मथळा वर घेतला, कंपायलरची तक्रार नाही, तरीही शेवटी ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असा संदेश येतो. इथे मजकुरात चूक नसतेच. युनिक्सवर गणिताचे ग्रंथालय जोडायला वेगळे सांगावे लागते, ते राहिलेले असते. मथळ्याची फाइल म्हणजे फंक्शनचे वर्णन, ग्रंथालय म्हणजे ते फंक्शन. हा भेद ज्याला कळला नाही तो ओळी तपासत बसतो, आणि या संदेशात बहुधा ओळीचा क्रमांकसुद्धा नसतो. तक्रार कंपायलरची की लिंकरची, हे आधी ओळखणे हा म्हणूनच शोधाचा दुसरा नियम ठरला.

स्वतःचा संगणक टेबलावर आला आणि रांग संपली, तेव्हा सगळ्या चुका एकदम सांगण्याचे कारणही संपले. १९८३ मध्ये बोरलँडने ४९.९५ डॉलरला विकायला काढलेला टर्बो पास्कल हे याचे ठळक उदाहरण. आंडर्स हाइल्सबर्ग यांचा हा कंपायलर पहिल्याच चुकीवर थांबे आणि लगेच एडिटर उघडून कर्सर त्या जागी नेऊन ठेवी. कंपाइल व्हायला क्षणभर लागे, म्हणून एकेक चूक काढत जाणे यादी वाचण्यापेक्षा सोपे झाले. खोट्या तक्रारींचा लोंढा या रीतीत उद्भवतच नाही.

त्याच बोरलँडचा टर्बो सी १९८७ मध्ये आला आणि त्याची निळी खिडकी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि गल्लोगल्लीच्या संगणक वर्गांत पुढची वीस-पंचवीस वर्षे टिकली. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ समोर ठेवून सी शिकलेल्या हजारोंना ‘स्टेटमेंट मिसिंग’, ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ आणि ‘एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड’ हे संदेश अजून आठवतील. यातला शेवटचा बरोबरीच्या चिन्हाच्या डावीकडे किंमत ठेवता येईल अशी जागा नसली की येतो. हा कंपायलर डॉसच्या काळातला होता, जग पुढे गेले, अभ्यासक्रम तिथेच राहिला. म्हणून लिनक्सवर जीसीसी वापरायला बसलेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच ओळीवर ‘कॉनिओ डॉट एच ही फाइल नाही’ असे उत्तर मिळू लागले. ती फाइल सी भाषेचा भाग नव्हतीच. ती डॉसवरच्या कंपायलरांची खास सोय होती. दुसरी नवी त्रुटी आली ती नक्कल करण्यातून. छापील पुस्तकासाठी मांडलेल्या पानावरून किंवा वर्डच्या फायलीतून प्रोग्रॅम उचलला की सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे येतात, आणि जीसीसी ‘स्ट्रे \३४२’ असे काहीतरी सांगतो. ३४२ हा त्या चिन्हाच्या पहिल्या बाइटचा अष्टमान अंक. डोळ्यांना दोन्ही चिन्हे सारखीच दिसतात; ती पुसून कळफलकावरून पुन्हा टाइप करणे हाच उपाय.

सी++ ने संदेशांची लांबी एका नव्या टोकाला नेली. टेम्प्लेट म्हणजे कोणत्याही प्रकारासाठी लिहिलेला साचा. तो प्रत्यक्ष प्रकार घालून भरेपर्यंत तपासताच येत नाही. क्रम लावता येत नाही अशा वस्तूंची यादी क्रमाने लावायला सांगितली, तर चूक वापरणाऱ्याच्या एका ओळीत असते आणि तक्रार प्रमाणित ग्रंथालयाच्या पोटात कुठेतरी उमटते, पानेच्या पाने भरून. एर्विन उनरू यांनी १९९४ मध्ये सी++ च्या प्रमाणीकरण समितीपुढे असा प्रोग्रॅम ठेवला, जो कंपाइल होत नव्हता, पण ज्याच्या त्रुटी-संदेशांत मूळ संख्या क्रमाने छापून येत. साचे भरता भरता कंपायलर स्वतःच गणित करतो, हे त्यातून सर्वांना दिसले. असे संदेश वाचण्याची कामचलाऊ रीत म्हणजे ग्रंथालयाच्या फायली ओलांडत जाऊन स्वतःच्या फायलीचे नाव पहिल्यांदा कुठे येते ते पाहायचे. मुळातला उपाय होता साच्याने आपल्या अटी आधीच जाहीर करणे. ‘कन्सेप्ट’ नावाची ही सोय २००९ मध्ये मसुद्यातून वगळली गेली आणि सी++ २० मध्ये शेवटी आली.

त्याआधी क्लँगने मोठा फरक पाडला होता. ख्रिस लॅटनर आणि ॲपलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचा हा कंपायलर २००७ मध्ये खुला झाला. त्याने ओळीच्या क्रमांकावर न थांबता ती ओळच छापली, नेमक्या अक्षराखाली खूण केली, संबंधित भाग अधोरेखित केला आणि शक्य तिथे काय घालायचे तेही दाखवले. राहिलेला सेमिकोलन पुढच्या ओळीवर कळला तरी खूण मागच्या ओळीच्या शेवटी पडू लागली. शेवटचा यशस्वी शब्द कुठे संपला, ते लक्षात ठेवण्याइतकीच ही गोष्ट आहे. स्मृती स्वस्त झाल्यावरही ती व्हायला इतकी वर्षे लागली, कारण विद्यापीठांबाहेरच्या कंपायलरांत संदेशांना दुय्यमच मानले जात होते. स्पर्धेमुळे जीसीसीही बदलला; २०१३ मधल्या ४.८ या आवृत्तीपासून तोही ओळ छापून खूण करू लागला.

संदेशाच्या भाषेकडेही याच काळात नव्याने पाहिले गेले, जरी बेन श्नायडरमन यांनी १९८२ मध्येच कोबोलचे संदेश बदलून प्रयोग केले होते आणि ‘इल्लिगल’, ‘फेटल’ असे धमकावणारे शब्द टाळावेत असे सांगितले होते. २०१५ मध्ये इव्हान चाप्लिकी यांनी एल्म भाषेचे संदेश पूर्ण वाक्यांत, समजावून सांगणाऱ्या स्वरात लिहिले. रस्टने २०१६ मध्ये तसाच आराखडा घेतला आणि प्रत्येक त्रुटीच्या संकेतामागे उदाहरणासह स्पष्टीकरण ठेवले. ई०३८२ म्हणजे मालकी दुसरीकडे गेलेली किंमत वापरली. मालकी कुठल्या ओळीवर गेली आणि वापर कुठल्या ओळीवर झाला, या दोन्ही जागा एकाच संदेशात खुणा करून दाखवल्या जातात. लोक संदेश वाचतच नाहीत हा जुना समज २०१७ च्या एका अभ्यासाने खोडून काढला. नजरेचा माग घेणाऱ्या यंत्रापुढे बसवलेल्या प्रोग्रॅमरांचा १३ ते २५ टक्के वेळ संदेश वाचण्यात जात होता, आणि ते वाचणे प्रोग्रॅम वाचण्याइतकेच जड जात होते. गूगलमधल्या नऊ महिन्यांतल्या २ कोटी ६६ लाख बिल्डचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही इथे नोंदवण्यासारखा आहे: व्यावसायिकांच्या बहुसंख्य त्रुटी व्याकरणाच्या नव्हत्या, तर जोडायचा भाग न सापडल्याच्या होत्या.

कंपायलर गप्प राहतो तेव्हाची चूक मात्र आजही सर्वांत महाग पडते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रॅममध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा लिहिलेली सापडली. दुसरी ओळ कोणत्याही अटीखाली नव्हती. त्यामुळे सर्व्हरच्या स्वाक्षरीची पुढची तपासणी होतच नव्हती. खालचा भाग कधीच चालणार नाही हे कळण्याची सोय कंपायलरमध्ये होती, पण नेहमीच्या इशाऱ्यांत ती धरलेली नव्हती. जीसीसीने २०१६ मध्ये अशा फसव्या समासाबद्दल, म्हणजे अटीखाली नसलेली ओळ अटीखाली असल्यासारखी आत सरकवलेली असण्याबद्दल, इशारा देणे सुरू केले.

चूक आणि तक्रार यांच्यातले एक अंतर मात्र अजून पूर्ण मिटलेले नाही. रॉबिन मिल्नर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीने एमएल आणि हॅस्केलसारख्या भाषांत व्हेरिएबलचा प्रकार लिहावा लागत नाही. कंपायलर तो वापरावरून ताडतो. दोन वापर एकमेकांशी जुळले नाहीत तर त्यांतला चुकीचा कोणता, हे ठरवायला त्याच्याकडे काही आधार नसतो. जो नंतर भेटला त्याच्यावर तो बोट ठेवतो, आणि चूक कितीतरी आधी, वेगळ्याच फंक्शनमध्ये झालेली असू शकते. मिचेल वँड यांनी १९८६ मध्ये या प्रश्नावर लेख लिहिला, नंतर उट्रेख्टमध्ये खास विद्यार्थ्यांसाठी हेलियम हा हॅस्केलचा कंपायलर झाला, आणि तरी सर्वांत भरवशाचा उपाय साधाच राहिला आहे: फंक्शनच्या मथळ्यात प्रकार स्वतः लिहून द्यायचे. रस्टमध्ये फंक्शनच्या आत प्रकार ताडले जातात, पण मथळ्यात ते लिहिणे सक्तीचे आहे. त्यामुळे प्रकारांची बहुतेक भांडणे ज्या फंक्शनमध्ये सुरू होतात, त्याच फंक्शनमध्ये कळवली जातात.